मुलगा हँडबॉलचा गोलकीपर व्हायचं म्हणतोय: जर्मनीतली ही कारकीर्द असते तरी कशी?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही मूळचे सांगलीकडचे, नऊ वर्षांपासून श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगा १४ वर्षांचा, गावच्या क्लबात हँडबॉलचा गोलकीपर आहे. एका मोठ्या क्लबाच्या अकादमीनं त्याला चाचणीला बोलावलंय. निवड झाली तर सोळाव्या वर्षी वसतिगृहात जावं लागेल. व्यावसायिक गोलकीपरचं आयुष्य कसं असतं, किती वर्षांचं असतं, त्यात पोट भरतं का, आणि शिक्षणाचं काय होतं?

ताई, मी याच पट्ट्यात गेली बारा वर्षं मुलांच्या गोलकीपरना शिकवतोय. पोटासाठी इंजिनिअर, संध्याकाळी हॉलमध्ये. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी दोघं दुसऱ्या बुंडेसलीगापर्यंत (बुंडेसलीगा म्हणजे इथली देशपातळीवरची हँडबॉल लीग) पोचले, एक तिसऱ्या लीगमध्ये खेळतो. बाकीचे सगळे नोकरीधंद्यात आहेत आणि शनिवारी आपापल्या गावासाठी गोलमध्ये उभे राहतात. मी स्वतः शाळेत असताना जिल्हा पातळीवर खेळलोय, सिमेंटच्या मैदानावर. तिथे ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायचे. जर्मनीत नेमकं उलटं आहे हे मला इथे आल्यावर कळलं, आणि थोडा अपमानही वाटला.

आधी जागा मोजा. पहिल्या बुंडेसलीगात १८ संघ. प्रत्येक संघ मॅचला दोन गोलकीपर घेऊन जातो. म्हणजे अख्ख्या देशात वरच्या पातळीवर खऱ्या अर्थानं ३६ खुर्च्या. त्याही सगळ्या जर्मन पोरांसाठी नाहीत, कारण ही जगातली सर्वात तगडी लीग मानली जाते आणि डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स, स्पेन इथले उत्तमोत्तम गोलकीपर इथेच येतात. एकट्या कील शहराच्या संघाकडे बघा. मागच्या वीसेक वर्षांत तिथल्या गोलमध्ये स्वीडनचा माटियास अँडरसन, फ्रान्सचा तिएरी ओमेये, स्वीडनचाच आंद्रेआस पालिका आणि डेन्मार्कचा नीक्लास लांडिन येऊन गेले. या रांगेत जर्मन मुलाला घुसायचं असतं. विंगर (कडेनं हल्ला करणारा) किंवा बॅक (मागून लांबचे फटके मारणारा) असता तर संघात त्याच्या जागेभोवती आणखी दोन-तीन जागा असतात, इकडून तिकडे सरकता येतं. गोलकीपरला सरकायला जागा नसते. पुढचा हलला तरच त्याला वाट मिळते.

संघातल्या दोन गोलकीपरच्या जोडीला इथे ‘गेश्पान’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ एका जुवाला जुंपलेली जोडी. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला बैलजोडी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे एक ओढत असतो तेव्हा दुसरा बाकावर बसलेला असतो. पहिल्याची लय लागली नाही तर पंधराव्या मिनिटालाच दुसरा आत येतो. कधी फक्त सात मीटरच्या पेनल्टीपुरता येतो, एक फटका झेलतो किंवा खातो आणि परत जाऊन बसतो. तुमच्या मुलाची सगळी कारकीर्द या जोडीच्या आत घडणार आहे. चाचणीत त्याचे हात किती चपळ आहेत ते बघतील. पुढची पंधरा वर्षं मात्र प्रश्न हा असेल की त्याला बसता येतं का.

यावर मला नेहमी कार्स्टन लिश्टलाइन आठवतो. १९८० चा जन्म, वुर्झबुर्गचा. त्याच्या नावावर तीन मोठी सुवर्णपदकं आहेत: २००४ ची युरोपियन स्पर्धा, २००७ चा विश्वचषक आणि २०१६ ची युरोपियन स्पर्धा. बारा वर्षांच्या काळात तीन सुवर्णपदकं असलेला खेळाडू म्हटल्यावर वाटेल की काय राज्य केलं असेल यानं! पण २००४ ला गोलमध्ये हेनिंग फ्रिट्झ होता. २००७ ला फ्रिट्झ आणि योहानेस बिटर होते, लिश्टलाइन तिसरा. २०१६ ला तो ३५ वर्षांचा, संघातला सर्वात अनुभवी, आणि त्याच स्पर्धेत २४ वर्षांच्या आंद्रेआस वोल्फनं त्याच्या डोळ्यांसमोर जागा घेतली. तोच लिश्टलाइन बुंडेसलीगात ग्रोसवालश्टाट, लेमगो, गुमर्सबाख अशा क्लबांकडून वर्षानुवर्षं खेळत राहिला आणि लीगमधल्या सर्वाधिक सामन्यांचा यान होल्पर्टचा विक्रम त्यानं मोडला. होल्पर्टही गोलकीपरच, त्याचे ६२५ सामने होते. देशासाठी बाकावर आणि क्लबासाठी रोजच्या कामावर, अशा माणसाला तुम्ही यशस्वी म्हणाल की नाही? माझ्या मते या धंद्यातली सर्वात चांगली कारकीर्द त्याची आहे. पण चौदा वर्षांच्या पोराच्या भिंतीवर त्याचं पोस्टर मी अजून कुठे पाहिलेलं नाही.

दुसरं टोक म्हणजे फ्रिट्झ. माग्डेबुर्गचा, १९७४ चा जन्म. २००१ मध्ये माग्डेबुर्गला लीग जिंकून दिली आणि कीलला गेला. २००४ हे त्याचं वर्ष: जानेवारीत स्लोव्हेनियात युरोपियन सुवर्ण, उन्हाळ्यात अथेन्सला ऑलिंपिक रौप्य, आणि वर्षाच्या शेवटी जगातला सर्वोत्तम खेळाडू. पुरुषांमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला गोलकीपर. तीस वर्षांचा होता. इथून पुढे सगळं उताराचं असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण कीलनं अँडरसनच्या जोडीला ओमेयेला आणलं आणि २००६-०७ च्या मोसमात जगातला माजी सर्वोत्तम खेळाडू आपल्याच क्लबात तिसऱ्या क्रमांकावर गेला. मॅच नाही, लय नाही. त्या वर्षांत आपण आतून पार रिकामे झालो होतो, बर्नआउट झाला होता, हे त्यानं पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं.

आणि त्याच अवस्थेत राष्ट्रीय प्रशिक्षक हायनर ब्रांड यांनी जानेवारी २००७ च्या घरच्या विश्वचषकासाठी त्यालाच पहिला गोलकीपर केलं. लोकांनी ब्रांडना वेड्यात काढलं. फ्रिट्झ स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. ४ फेब्रुवारीला कोलोनला पोलंडविरुद्ध अंतिम सामना होता. दुसऱ्या अर्धात त्याच्या पोटरीला दुखापत झाली, तो लंगडत बाहेर गेला. आत आला बिटर, दोन मीटरहून उंच, तोवर बाकावर बसलेला. अंतिम सामना, वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक, आणि तुम्ही थंड पायांनी आत जायचं. जर्मनी २९-२४ नं जिंकली. फ्रिट्झच्या गोष्टीत बिटरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मी मुलांना त्या सामन्याची चित्रफीत दाखवतो तेव्हा बिटर आत येतो तिथे थांबवतो.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण प्रेक्षकांतून ते दिसत नाही. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. समोर सहा मीटरची रेषा, त्याच्या आत फक्त गोलकीपर. वरच्या लीगमध्ये बॅकचा फटका ताशी ११० किलोमीटरनं सहज येतो. म्हणजे सेकंदाला तीस मीटर. नऊ मीटरवरून सुटलेल्या चेंडूला गोलपर्यंत यायला तीन दशांश सेकंदही लागत नाहीत. फेकणारा हवेत उडी मारून रेषेच्या आत येतो, तेव्हा हा वेळ पाव सेकंदावर येतो. डोळ्यानं बघून, मेंदूनं ठरवून, हात हलवेपर्यंत चेंडू जाळ्यात असतो. म्हणून चांगला गोलकीपर चेंडूकडे बघत नाही. तो खांदा बघतो, कोपर बघतो, उडी कुठल्या पायावरून घेतली ते बघतो. बचाव करणाऱ्यांशी त्याचं आधीच ठरलेलं असतं: ब्लॉक, म्हणजे बचावपटूंचे वर केलेले हात, गोलची एक बाजू झाकेल, दुसरी माझी. ब्लॉकच्या बाजूनं गोल झाला तर गोलकीपर बचावपटूवर ओरडतो, आपल्या बाजूनं झाला तर गप्प राहतो. पुढच्या मॅचला हे बघा, मजा येईल.

विंगवरून आलेला खेळाडू म्हणजे वेगळाच प्रकार. तो कोपऱ्यातून गोलक्षेत्रावर उडी घेतो आणि हवेतल्या हवेत मनगट वळवतो. कोन अरुंद असतो, म्हणून गोलकीपर जवळच्या खांबाला चिकटून उभा राहतो आणि मग एक पाऊल पुढे येतो. हे एक पाऊल शिकवायला मला दोन वर्षं लागतात. लवकर टाकलं तर फेकणारा डोक्यावरून लॉब टाकतो, उशिरा टाकलं तर पायाखालून घालतो. सहा मीटरवरून अगदी जवळचा फटका आला तर ‘हाम्पेलमान’: दोरी ओढल्यावर हातपाय फाकवणारं लाकडी खेळणं असतं ना, तसं एकदम सगळं फाकवून हवेत जायचं. अंगाला चेंडू लागावा यासाठी अंग पुढे करायचं. नैसर्गिक प्रवृत्ती याच्या बरोबर उलट असते. आठ-नऊ वर्षांची मुलं डोळे मिटून घेतात. ज्याचे डोळे उघडे राहतात त्याला मी वहीत टिपून ठेवतो.

आकड्यांचं म्हणाल तर, गोलवर आलेल्या फटक्यांपैकी तीस टक्के अडवले तर काम ठीक झालं. पस्तीसला संघ खूश. चाळीसला मॅच बहुतेक जिंकलेली असते. म्हणजे उत्तम दिवशीसुद्धा दहातले सहा गोल होणारच. फुटबॉलच्या गोलकीपरनं मॅचमध्ये तीन गोल खाल्ले तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं. आमचा माणूस पंचवीस खातो आणि सामनावीर ठरतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू जाळ्यातून काढून मध्यरेषेकडे फेकायचा आणि मागचं विसरायचं. घरी येऊन मुलगा ‘आज बावीस गोल झाले’ म्हणाला तर ‘अरेरे’ म्हणू नका. किती अडवले ते विचारा.

वयाचा हिशेब असा. तुमचा मुलगा आत्ता सी-युगेंटमध्ये असेल, म्हणजे पंधरापर्यंतचा गट. मग बी, मग एकोणीसपर्यंतचा ए. ए गटाची देशपातळीवर स्वतंत्र बुंडेसलीगा आहे, मोठ्या क्लबांच्या अकादम्या तिथेच खेळतात. विंगर एकोणीस-विसाव्या वर्षी वरच्या संघात चमकू शकतो. गोलकीपर सहसा नाही. त्याला शेकडो फेकणारे डोळ्यांखालून जाऊ द्यावे लागतात. डाविड श्पेटसारखे अपवाद असतात: २००२ चा जन्म, २०२३ मध्ये एकविसाखालच्या संघाबरोबर विश्वविजेता आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिकच्या संघात. नेहमीची वाट मात्र अशी असते: मुलाला दोन क्लबांकडून खेळायचा दुहेरी परवाना मिळतो, शनिवारी तो मोठ्या संघाच्या बाकावर बसतो, रविवारी शेजारच्या तिसऱ्या लीगमधल्या क्लबासाठी खरोखर खेळतो. त्यात चार-पाच वर्षं जातात. बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत गाठोडं बांधून परत येणारे खूप.

या बाबतीत माझी एक चूक सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचताना तीच आठवली. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. हात विलक्षण, उंची भराभर वाढत होती. एका क्लबाच्या अकादमीनं विचारलं तेव्हा घरचे का-कू करत होते, मी त्यांना पटवलं. पंधराव्या वर्षी वसतिगृहात गेला. तिथे त्याच्याच वयाचा दुसरा गोलकीपर आधीपासून होता आणि वरच्या गटात आणखी दोघं. दीड वर्षात तो किती मिनिटं खेळला हे मी विचारलंच नाही. रोज सराव करतोय म्हणजे वाढतोय असं मी धरून चाललो. परत आला तेव्हा फेकणाऱ्याच्या समोर एक पाऊल मागे उभा राहायचा. भीतीनं नाही, सवय मोडल्यामुळे. वर्षभरानं त्यानं खेळच सोडला. आता हीटिंगची कामं करतो, त्याच्या व्हॅनवर त्याचं नाव आहे, भेटला की छान बोलतो. मला मात्र तो दिसला की अजून ते दीड वर्ष आठवतं.

म्हणून अकादमीच्या लोकांशी बोलताना हॉल किती मोठा, वजनं उचलायची खोली किती चकचकीत, हे बघून भारावून जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलाच्या वयाचे आणि त्याच्याहून एक वर्ष मोठे असे गोलकीपर तुमच्याकडे किती आहेत? गोलकीपरसाठी वेगळा ट्रेनर आठवड्यातून किती वेळा येतो? आणि तो ज्या शनिवारी बाकावर असेल, त्या शनिवार-रविवारी त्याला दुसरीकडे कुठे खेळायला मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर एक वर्ष थांबा. सोळाव्याऐवजी सतराव्या वर्षी गेलं म्हणून गोलकीपरचं काही बिघडत नाही.

आता वोल्फची गोष्ट, कारण तुमच्या मुलाचा हीरो बहुधा तोच असणार. १९९१ चा जन्म, ऑइसकिर्शेनचा. ग्रोसवालश्टाटमध्ये उमेदवारी केली, २०१३ ला वेत्सलारला गेला. वेत्सलार म्हणजे लीगमधला मधल्या फळीचा क्लब, पण तिथे त्याला रोज गोलमध्ये उभं राहायला मिळालं. २०१६ च्या जानेवारीत पोलंडमध्ये युरोपियन स्पर्धा होती. दागुर सिगुर्दसन यांनी नेलेल्या त्या जर्मन संघाला कुणी मोजत नव्हतं, अर्धे मोठे खेळाडू जायबंदी होऊन घरी होते. क्राकुफला अंतिम सामन्यात स्पेनला फक्त १७ गोल करता आले. सतरा! त्या पातळीच्या अंतिम सामन्यात हा आकडा आज वाचतानाही खोटा वाटतो. वोल्फनं जवळजवळ निम्मे फटके अडवले होते.

त्यानंतर तो कीलला गेला आणि तिथे लांडिन होता. तीन वर्षं युरोपियन विजेता गोलकीपर जोडीतला दुसरा. भांडला नाही, कुढलाही नाही निदान उघडपणे. २०१९ ला पोलंडच्या किएल्त्से क्लबात गेला, जिथे पहिली पसंती तो होता. पाच वर्षं तिथे काढली, चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या वरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात लागोपाठ दोनदा हरला: २०२२ ला बार्सेलोनाविरुद्ध पेनल्ट्यांवर, २०२३ ला माग्डेबुर्गविरुद्ध जादा वेळेत. हातातोंडाशी आलेला घास दोनदा गेला. २०२४ ला परत कीलमध्ये आला, यावेळी मुख्य गोलकीपर म्हणून. मला या प्रवासातला किएल्त्सेचा टप्पा सर्वात महत्त्वाचा वाटतो. मोठं नाव असलेल्या क्लबाचा बाक सोडून परदेशात जाण्याचं धाडस फार थोडे जर्मन खेळाडू करतात. इथली लीग सर्वोत्तम आहे, मग बाहेर कशाला जायचं, अशी एक घमेंड इथे आहे.

त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिंपिक. हँडबॉलचे शेवटचे सामने लीलला होते. उपांत्य फेरीत परत स्पेन, जर्मनी २५-२४ नं जिंकली, वोल्फनं २२ फटके अडवले. तेहतिसाव्या वर्षी. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात डेन्मार्कनं त्याच संघाला ३९ गोल घातले आणि जर्मनी १३ गोलांच्या फरकानं हरली. पलीकडच्या गोलमध्ये लांडिन होता, देशासाठीचा त्याचा तो शेवटचा सामना. शुक्रवारी जग जिंकलेला माणूस रविवारी चेंडूला हात लावू शकत नव्हता. गोलकीपरच्या नोकरीत असे शुक्रवार आणि रविवार पाठोपाठ येतात. तुमच्या पोराचेही येतील, गावच्या हॉलमध्ये.

किती वर्षांची कारकीर्द, हे तुम्ही विचारलंय. चांगली बातमी इथे आहे. गोलकीपर मैदानावरच्या खेळाडूपेक्षा उशिरा पिकतो आणि जास्त टिकतो. बिटर ३८ व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकला खेळला आणि चाळिशी ओलांडल्यावरही बुंडेसलीगात गोलमध्ये होता. पण अंगाची किंमत द्यावी लागते. कोपर उलट्या दिशेला ताणलं जातं, पुन्हा पुन्हा, हजारो वेळा; हा गोलकीपरचा खास आजार. कंबर आणि जांघा, कारण खालचा फटका अडवायला पाय कानापर्यंत न्यायचा असतो. वोल्फची पाठ २०२३ मध्ये मणक्याच्या चकतीनं धरली होती, मोसमाचे पहिले महिने गेले. बोटांचं तर विचारू नका, माझी उजव्या हाताची करंगळी आजही चहाचा कप धरताना वेगळीच उभी राहते. डोक्यावरचे फटके हा खरा काळजीचा विषय. २०२२ पासून नियम आहे की समोर कुणी बचावपटू नसताना फेकणाऱ्याचा चेंडू थेट गोलकीपरच्या डोक्याला लागला तर फेकणारा दोन मिनिटं बाहेर. नियम चांगला आहे. तरीही मुलाला डोक्याला फटका बसला आणि तो ‘काही नाही’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका, त्या दिवशी त्याला परत आत पाठवायचं नाही. ट्रेनरनं पाठवला तर तुम्ही खाली उतरून सांगा.

शिवाय सामने. वरच्या क्लबात असाल तर लीगचे ३४, चॅम्पियन्स लीगचे गटातले सामने, वर बाद फेऱ्या आणि राष्ट्रीय चषक. आणि देशाकडून खेळत असाल तर दर जानेवारीत एक मोठी स्पर्धा, सम वर्षी युरोपियन आणि विषम वर्षी जागतिक. बाकी लोक नाताळानंतर सुट्टी घेतात तेव्हा हे तयारीच्या शिबिराला जातात. घरच्यांनाही त्यात जुंपून घ्यावं लागतं, ते वेगळंच.

पैसा. फुटबॉलचं डोक्यातून काढून टाका. पहिल्या लीगच्या वरच्या क्लबांत चांगलं भागतं, घर होतं, थोडं साठतं. पण निवृत्तीनंतर बसून खाण्याइतकं मोजक्या लोकांनाच जमतं. दुसऱ्या लीगमध्ये मध्यम पगाराच्या नोकरीइतकं समजा. तिसऱ्या लीगमध्ये बहुतेकांची दिवसा वेगळी नोकरी किंवा विद्यापीठ असतं. करार दोन-तीन वर्षांचे, आणि पुढच्या क्लबाशी बोलणी कधी कधी वर्षभर आधीच पक्की होतात. म्हणजे एखादा गोलकीपर आपण सोडून जाणार हे जगजाहीर असताना त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर वर्षभर खेळतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. इथे ते रीतसर मानतात.

क्लब बुडूही शकतो. २०१३ ला चॅम्पियन्स लीग जिंकलेला हांबुर्ग जानेवारी २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि मोसमाच्या मधोमध लीगमधून बाहेर गेला. बिटर तेव्हा तिथेच होता, मग श्टुटगार्टला आला आणि काही वर्षांनी नव्यानं उभ्या राहिलेल्या हांबुर्गकडे परत गेला.

म्हणूनच शिक्षण. तुमच्या घरात यावरून वाद आहे असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. आंद्रेआस टीलचं उदाहरण घरात सांगा. १९८० च्या दशकात गुमर्सबाखचा गोलकीपर, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, जर्मनीचा वर्षाचा सर्वोत्तम हँडबॉलपटू सात वेळा, लोक त्याला ‘हेक्सर’ म्हणजे चेटूक करणारा म्हणायचे. खेळता खेळता कायदा शिकला आणि नंतर वकिली केली. तेव्हा सामने कमी होते हे खरं. पण गोलकीपरला एक फायदा आजही आहे: मैदानभर साठ मिनिटं धावायचं नसतं, त्यामुळे पुस्तक उघडण्याइतकी शक्ती रात्री उरते. बारावीच्या तोडीचं आबिटूर पूर्ण झाल्याशिवाय कुठलाच करार नाही, एवढी एक अट घाला. चांगल्या अकादम्या याला हरकत घेत नाहीत. जी घेईल तिचा दरवाजा बाहेरून लावून घ्या.

चाचणीच्या दिवसापुरतं: उंचीची काळजी करू नका, अजून वाढेल. लांब पँट सैल असू द्या, जांघेचा गार्ड विसरू नका. चेंडूला चिकट राळ लावतात, ती स्वेटशर्टवरून धुतली जात नाही, जुना घाला. आदल्या आठवड्यात त्याच्या ट्रेनरकडून तीनशे-चारशे फटक्यांचा सराव करून घेऊ नका, कोपराला आराम द्या. आणि चाचणीत लांब पास नक्की मागतील. आजच्या खेळात अडवलेला चेंडू दोन सेकंदांत पुढे धावणाऱ्या विंगरच्या हातात पडायला हवा, आणि २०१६ पासून संघ गोलकीपरला बाहेर बसवून सातवा हल्लेखोर आणतात, त्यामुळे रिकाम्या गोलवर लांबून टिपण्याची संधीही येते. अंगणात जुन्या टायरवर नेम धरायला सांगा, वीस मीटरवरून.

येत्या शनिवारी मॅचला जाल तेव्हा एक करा. तो गोलमध्ये असेल ते तुम्ही नेहमी बघताच. पण दुसरा मुलगा आत जाईल आणि तुमचा बाकावर बसेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याकडे बघा. कुणाचा फटका कुठल्या कोपऱ्यात गेला ते तो बघतोय का? टाइमआउटला दुसऱ्याच्या कानात जाऊन काही सांगतोय का, पाण्याची बाटली पुढे करतोय का? की टॉवेल डोक्यावर घेऊन बुटांच्या नाड्यांशी खेळतोय? काय दिसलं ते मला इथेच कळवा, मग वसतिगृहाचं बोलू.